हातपालट

मामंजींनी मला न विचारता बाजाराच्या मंडळाला सांगून टाकलं. संध्याकाळी घरी आले, दारात चपला काढता काढता म्हणाले, "सूनबाई, मंगळवारी हातपालट आहे. तयारीला लाग." आणि पाय धुवायला निघून गेले. उद्या दूध जरा जास्त घे, असं सांगावं तितक्या सहज. माझ्या हातातली ताटली पडायचीच राहिली होती.

हातपालट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या बाजाराबाहेर ते कुणाला माहीत असायचं कारण नाही. बाजार फार जुना आहे. दगडी कमानी, मधे लोखंडी खांब, आणि पायांनी घासून घासून मधे खोलगट झालेली फरशी. बाहेरगावची माणसं टोळीनं येतात, आधी माना वर करून छत बघतात आणि मग माना खाली घालून खातात. ह्या बाजारात खाण्याचा गाळा विकता येत नाही, दुसऱ्याला चालवायलाही देता येत नाही. जुना हात थांबला की घरातल्याच कुणीतरी तीच चव काढून दाखवायची. दोघांनी दोन शेगड्यांवर एकच पदार्थ करायचा, मधे चादर टांगलेली. मग शेजारचे तीन गाळेवाले दोन्ही वाडग्यांतलं चाखतात आणि जुन्या हाताचं वाडगं कुठलं ते बोट ठेवून सांगतात. तिघांपैकी दोघांनी जरी बरोबर ओळखलं, तरी नवा हात कच्चा ठरतो आणि गाळा मंडळाकडे परत जातो. ते फसले, तर गाळा नव्या हाताचा. लहान मुलांच्या खेळासारखं वाटतं ना? ज्याचं घर त्यावर चालतं त्याला विचारा.

आमचं घर चालतं. गाळा सूपचा आहे. हाडं, खरपूस भाजलेला कांदा, मिरी, मीठ, आणि बाकी सगळा विस्तवाचा आणि धीराचा खेळ. नवरा माल वाहून नेतो, त्याच्या पाठीनं आता संप पुकारलाय, आणि स्वयंपाकाचं म्हणाल तर पाणी उकळायला ठेवलं तरी भांडं करपवेल असा गुणी. तेव्हा हातपालट करायची तर मीच. आणि खरं सांगू? कुणी जबरदस्ती केली म्हणून नाही, मला तो गाळा हवा होता. घरात मी कुणाची सून, कुणाची आई, कुणाची बायको. त्या शेगडीपाशी मी सूपवाली. तिथं मला कुणी विचारत नाही की तू कुणाची.

मग घाबरायचं कशाला, असं कुणीही म्हणेल. सूप मला येतं. डोळे मिटून येतं. अडचण माझ्या हाताची नव्हतीच. अडचण मामंजींच्या हाताची होती.

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला. ताप गेला आणि जाताना त्यांच्या जिभेवरचं मीठ घेऊन गेला. त्यांना ते कळलं नाही. गोड कळायचं, तिखट कळायचं, फक्त मीठ घातलंय की नाही हे कळत नव्हतं, आणि हात आपला मूठ भरून घालायचा, मग शंका आली की आणखी एक मूठ. मी मुलीला शाळेत सोडून गाळ्यावर पोचेपर्यंत पातेलं खारट होऊन बसलेलं असायचं. पहिल्या दिवशी मी चाखलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते नुसतं मिठानं नाही. ज्या माणसाच्या हाताचं नाव ह्या बाजारात देवाच्या नावासारखं घेतात, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी नाही सांगितलं. मागच्या छोट्या शेगडीवर हाडांचं बिनमिठाचं पाणी शिजत ठेवायला लागले, आणि मामंजी पुढे वाडगी पुसायला गेले की मोठ्या पातेल्यातलं थोडं काढून टाकायचं, हे अळणी त्यात ओतायचं, ढवळायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की जणू काही झालंच नाही. शटर वर जायच्या आत सगळं ठीक. वर्षभर गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही. मामंजींनाही लागला नाही, अशी माझी समजूत होती.

पण हातपालटीत चादर असते. चादरीपलीकडे जायचं नाही, जुन्या हाताच्या पातेल्याला बोट लावायचं नाही. म्हणजे त्या दिवशी मामंजींचं पातेलं खारटच राहणार.

"मग उलट चांगलंच की," नवरा पाठीला शेक घेत म्हणाला. "तू नेहमीसारखं कर. लोक वर्षभर तुझंच पितायत. ते तुझ्या वाडग्यावर बोट ठेवतील, हेच म्हाताऱ्याचं म्हणून. झाला ना गाळा आपला?"

"आणि मामंजींचं?"

"त्यांचं काय?"

"अख्ख्या बाजारासमोर कळेल ना, की त्यांचं स्वतःचं सूप त्यांचं म्हणून कुणाला ओळखता आलं नाही. आयुष्यातलं शेवटचं पातेलं, आणि ते लोक थुंकून टाकतील. काय वाटेल त्यांना?"

नवरा म्हणाला, "सांगून टाक त्यांना आधीच."

"तुम्ही सांगा. तुमचे वडील आहेत."

त्यानं शेकायची पिशवी उलटी केली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला कळलं की हे काम ह्या घरात कुणीच करणार नाही.

मग दुसरा एकच रस्ता उरला होता, आणि तो मला रात्रभर सोडेना. त्यांच्याइतकंच खारट मीही करायचं. दोन्ही वाडगी सारखीच वाईट. मग कुणीही खात्रीनं बोट ठेवू शकणार नाही, नशिबावर जाईल सगळं. गाळा लागला तर लागला, गेला तर गेला. पण चव बिघडली ती हवेनं, पाण्यानं, त्या दिवशीच्या मिठानं, असं म्हणता येईल. एकट्या म्हाताऱ्याची बिघडली असं कुणी म्हणणार नाही. मंगळवारी पहाटे मी उठले तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

हातपालटीच्या दिवशी एक रीत असते. नव्या हातानं आधी तिन्ही परीक्षकांच्या गाळ्यांवर जाऊन त्यांच्या हातचं खायचं. ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्याशी मनात अढी ठेवता येत नाही, असं म्हणतात. मला खाण्यापेक्षा त्यांची तोंडं बघायची होती. आमच्या सूपाबद्दल त्यांच्या मनात काय आहे, ते काढून घ्यायचं होतं.

आधी पाववाल्या मावशींकडे गेले. भट्टीच्या तोंडापाशी त्या उभ्या, कोपरापर्यंत पीठ, गाल लाल. त्यांनी गरम पाव मोडून माझ्या हातात दिला. वरचं कवच कुरकुरीत, आत वाफ. एरवी मी त्या पावासाठी भांडले असते; आज घास तोंडात फिरत राहिला.

"मावशी, एक विचारू? आमचं सूप तुम्हाला कसं लागतं हल्ली?"

मावशींचा हात पिठात थांबला. "कसं लागायचंय? सूपासारखं लागतं."

"तसं नाही, पूर्वीसारखं लागतं का?"

"अगं, भट्टी बघू दे मला, पाव जळतील," असं म्हणून त्या पाठमोऱ्या झाल्या. भट्टीत तेव्हा पाव नव्हताच, मला चांगलं दिसत होतं.

ह्यांच्या मनात आपल्याविषयी काहीतरी आहे, असं मी धरून चालले.

मासे तळणारे मुकेकाका पलीकडच्या कमानीखाली. नाव मुका, कारण उठल्यापासून झोपेपर्यंत तोंड बंद नसतं. कढईत तुकडे सोडत सोडत ते तेलाच्या भावापासून जावयाच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगतात. त्यांनी मला कागदावर दोन तुकडे दिले, वर लिंबू पिळलं. बाहेरून खमंग, आतून लुसलुशीत, आणि मीठ बेताचं.

"काका, आमच्या सूपात काही कमीजास्त वाटतं का हो?"

आणि मुकेकाका गप्प. कढईतलं तेल तेवढं बोलत राहिलं. मग मामंजींची चौकशी केली, "दादा बरे आहेत ना? तब्येतीला जपायला सांग." बस. ह्या माणसाला मी पहिल्यांदाच इतकं थोडं बोलताना ऐकलं.

तिसरे लोणचीवाले. बाजारात त्यांना काटा म्हणतात, कारण त्यांच्या तराजूचा काटा आणि त्यांची मान, दोन्ही कधी कलत नाहीत. बरण्यांच्या मागे ते उंच स्टुलावर बसतात. कच्ची फळं, गाजरं, कांदे, मुळे, सगळं मिठात आणि आंबट पाण्यात मुरलेलं. मीठ हाच त्यांचा धंदा, त्यामुळे मला सगळ्यात धास्ती त्यांचीच. त्यांनी चिमट्यानं गाजराची फोड काढून माझ्या तळहातावर ठेवली.

मी आडून आडून विचारलं नाही. "काका, आमच्या सूपात मीठ जास्त होतं का?"

काटाकाकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंडळानं मला आज परीक्षक नेमलंय," ते म्हणाले. "आज मी तुझ्याशी सूपाविषयी बोलणार नाही. फोड खा."

फोड खाल्ली. कडकडून मोडली, आंबट, झणझणीत. मी तिथून निघाले ते एकच समजून की तिघांनी आधीच ठरवून ठेवलंय आणि माझा गाळा गेल्यात जमा आहे. राग आला. मग वाटलं, जाणारच असेल तर जाऊ दे, पण म्हाताऱ्याला उघडं पाडून कशाला जाऊ दे? तिथल्या तिथे माझं ठरलं. खारट करायचं.

आमच्या गाळ्यापुढे चादर लागली होती. मंडळाचा कारभारी, ज्याला सगळे घड्याळ म्हणतात कारण तो मनगटाकडे बघितल्याशिवाय बोलत नाही, मधे खुर्ची टाकून बसला होता. बाजार अजून पुरता उघडला नव्हता, पण बघ्यांची गर्दी झालीच. नवराही पाठ धरून खांबाला टेकून उभा होता. मामंजी स्वच्छ सदरा घालून आले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "घाबरू नकोस. हात मोकळा ठेव." आणि चादरीपलीकडे गेले.

हाडं दोघांनीही घरूनच शिजवून आणली होती. इथं फक्त शेवटचा हात फिरवायचा होता. कांदा भाजायचा, मिरी कुटायची, मीठ. मी कांदा टाकला. चादरीपलीकडूनही कांद्याचा आवाज आला, आणि वासही. आम्ही दोघं इतकी वर्षं एकाच शेगडीवर उभे राहिलो होतो की त्यांचा झारा कधी फिरेल ते मला न बघता कळत होतं. कांदा भाजण्यात त्यांच्यासारखा हात नाही. त्या वासानं मला रडू फुटेल असं वाटलं. एवढा पक्का हात, आणि मूठभर मिठानं सगळं मातीत जाणार.

मग मी कान लावून बसले. मिठाचा आमचा डबा पत्र्याचा, झाकण घट्ट, उघडताना टण्ण वाजतं. तो डबा आज त्यांच्याकडे होता, माझ्याकडे दुसरा.

टण्ण.

मी हात वर धरून थांबले. एक मूठ. एक मूठ बरोबर असते. देवा, आता पुरे, आता झाकण लाव आणि डबा खाली ठेव, असं मी मनात म्हणत होते. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. माझ्या पातेल्यावर वाफ येत होती आणि डोळ्यांत जात होती.

टण्ण. दुसऱ्यांदा.

गेलं. मी डोळे मिटून घेतले. मूठ भरली आणि पातेल्यात टाकली. मग दुसरी मूठ भरली. ती पातेल्यावर धरून मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, घराचा उंबरा आला, नवऱ्याची पाठ आली. अगदी शेवटी मामंजींचा तो स्वच्छ सदरा आला. मी मूठ उघडली.

ढवळून चाखलं. भयंकर होतं. मनात म्हटलं, सूपवाली म्हणवतेस आणि हे रांधलंस.

घड्याळानं मनगट बघितलं आणि दोन वाडगी मागितली. मामंजींचं सूप निळ्या वाडग्यात, माझं पांढऱ्यात. हे फक्त त्याला आणि आम्हाला दोघांना माहीत. परीक्षक पाठ करून उभे होते, त्यांना वळवलं. चादर काढली. मामंजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या अंगाला भाजलेल्या कांद्याचा वास येत होता.

मावशींनी आधी निळं उचललं. घोट घेतला, थांबल्या, आणखी एक घेतला. मग पांढरं. पांढऱ्याचा घोट घेतला मात्र, त्यांचे डोळे भरून आले. मुकेकाकांनी पांढरं तोंडाला लावलं आणि मान हलवली, आपल्या माणसाला गर्दीत ओळखल्यावर हलवतात तशी. काटाकाकांनी दोन्ही चाखली, मान न हलवता.

मला काही कळेना. दोन्ही सारखीच खारट असतील तर हे घोटाळत का नाहीत? ह्यांना एवढी खात्री कुठून?

"दाखवा," घड्याळ म्हणाला.

तिघांची बोटं एकदम गेली. पांढरं. तिघांचीही.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "दादांच्या हातचं आम्हाला नाही कळणार? हेच दादांचं."

घड्याळानं एकदा माझ्याकडे, एकदा वाडग्याकडे बघितलं. "पांढरं सुनेचं आहे," तो म्हणाला. "तिघेही चुकलेत. गाळा सुनेचा."

गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. खांबापाशी नवरा पाठ विसरून ताठ झाला. मला मात्र आनंद झाला नाही. परीक्षक एकमेकांकडे बघत होते, आणि मुकेकाकांचा चेहरा पडला होता. मामंजी पुढे झाले.

"पांढऱ्याची चव कशी होती?" त्यांनी विचारलं.

मावशी वाडगी सारखी करायला लागल्या.

"मुक्या, तुला विचारतोय."

मुकेकाका जमिनीकडे बघत राहिले. मामंजींनी काटाकाकांकडे मान वळवली. काटाकाकांना खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. "खारट," ते म्हणाले.

"आणि निळ्याची?"

"बरोबर. अगदी पूर्वीसारखी."

बरोबर? मामंजींचं बरोबर? मी निळं वाडगं उचललं आणि चाखलं. काय सांगू! ते तेच सूप होतं, मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच गाळ्यावर पहिल्यांदा प्यायलेलं. मीठ असं की आहे हे जाणवू नये.

"मी मापून घातलं," मामंजी कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "परवा तू मुलीला आणायला गेलीस. तुझं मागच्या शेगडीवरचं भांडं दिसलं, म्हटलं ही रोज काय शिजवते. चाखलं. मग पुढच्या पातेल्यातलं चाखलं. मला दोन्ही सारखीच लागली, सूनबाई. तेव्हा उमगलं. आज वाटीनं घेतलं, सपाट करून. जास्तीचं परत डब्यात टाकलं."

म्हणजे दुसरी टण्ण ती होती. मीठ घालायची नव्हे, परत टाकायची.

"तुझं सूप बिघडायला नको होतं," ते माझ्याकडे वळले. "तुला येतं की. तू एवढं खारट का केलंस?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, विचार करायच्या आत, "तुमच्यासारखं करायचं होतं ना."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. मामंजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग परीक्षकांकडे, आणि मला दिसलं की त्यांच्या डोक्यात हिशेब लागत होता. मी तर गिऱ्हाइकांपुढे जाण्याआधी सगळं सारखं करत होते. मग ह्या तिघांना खारट चव कुठून ओळखीची?

"सकाळी," मामंजी हळूच म्हणाले. "शटरच्या आधी. पहिली वाडगी मी तुम्हाला देतो."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मला तोवर हे माहीतच नव्हतं. मी मुलीला शाळेत सोडून येईपर्यंत मामंजी रोज शेजाऱ्यांना पहिलं सूप पाजत होते, आणि ते तिघं वर्षभर ते खारट पाणी मुकाट्यानं पीत होते. सकाळी माझ्या प्रश्नाला त्यांनी पाठ का फिरवली, ते आता मला समजलं. त्यांच्यावर धरलेल्या रागाची मला लाज वाटली.

"वर्षभर?" मामंजी म्हणाले.

"तुमच्या हातचं होतं, दादा," मावशी म्हणाल्या. "नाही कसं म्हणणार?"

"काट्या, तूसुद्धा? तुला तर खोटं बोलता येत नाही."

"तुम्ही विचारलंच नाही कधी," काटाकाका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेली.

मामंजी कांद्याच्या पेटीवर बसले. एवढी गर्दी, पण भट्टीचा जाळ ऐकू येत होता. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. गाळा माझा झाला होता आणि तो मिळाल्याबद्दल मला त्या क्षणी एक कणसुद्धा बरं वाटत नव्हतं.

घड्याळानं मनगटाकडे बघत खाकरून सांगितलं की बाजार उघडायची वेळ झाली. शटरं वर जायला लागली. बाहेरगावच्या लोकांची पहिली टोळी कमानीतून आत आली, माना वर करून.

मामंजी गुडघ्यावर हात रोवून उठले. "तुझं पातेलं ओतून टाक मोरीत," मला म्हणाले. "आज माझं जाईल. शेवटचं." मग पळी हातात घेतली आणि तिथंच थांबले. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी मला विचारलं. "बरोबर आहे ना गं?"

"अगदी बरोबर आहे, मामंजी."

"तू काय, होच म्हणशील."

मी खरं सांगत होते, पण वर्षभराच्या गप्प बसण्यानं माझ्या खऱ्याची किंमत संपली होती. मावशीही म्हणाल्या बरोबर आहे, काटाकाकाही म्हणाले, मुकेकाका तर शपथा घ्यायला लागले. मामंजी नुसती मान हलवत होते. ओळखीच्या एकाही माणसाचं त्यांना आता पटणार नव्हतं.

टोळीतला एक उंच माणूस, गळ्यात कॅमेरा, आमच्यापुढे येऊन उभा राहिला. आम्ही कोण, इथं काय झालं, ह्याची त्याला काडीचीही कल्पना नव्हती. मामंजींनी वाडगं भरून त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आम्ही सगळेच बघत राहिलो. बिचारा गांगरला. फुंकर घातली, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, दुसरा घेतला.

"छान आहे," तो म्हणाला. मग जरा संकोचून, "थोडं मीठ मिळेल का वरून?"

मामंजींचा चेहरा आधी हलला नाही. मग त्यांच्या तोंडातून आवाज फुटला, आणि तो हसण्याचा आहे हे कळायला मला वेळ लागला. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, कठड्याला धरून. त्या परक्या माणसाच्या मी पायाच पडले असते. मामंजींचा हात सवयीनं डब्याकडे गेला, टण्ण करून झाकण उघडलं, आणि मग त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला.

"तू घाल," ते म्हणाले. "मला नाही कळत."

मी चिमूटभर घेतलं आणि त्याच्या वाडग्यात टाकलं.